दुरुस्त करणार कोण?

यान्सवीर्ड, १० फेब्रुवारी

प्रिय डौवे,

पोचले एकदाची. झ्वोलेला गाडी बदलेपर्यंत माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. तू व्लिसिंगनला राहतोस, मी इकडे फ्रीसलंडात. आपल्या दोघांच्या मध्ये अख्खा देश आडवा पडलाय, तो दर वाढदिवसाला थोडा लांबतो असा मला संशय आहे.

बाकी वाढदिवस झकास झाला. एकाहत्तरीचा दिसत नाहीस. सगळ्यांनी गोल बसून सगळ्यांचं अभिनंदन केलं, प्रत्येकाच्या वाट्याला दालचिनीच्या गोड पावाचा एक बोलस आला आणि दुसरा मागायची कुणाची छाती झाली नाही, म्हणजे रीतसर झाला. फक्त भेट उघडल्यावर तुझं तोंड पडलं ते मी पाहिलं. "एवढे पैसे?" म्हणालास. सगळ्यांनी वर्गणी काढली होती रे, आणि हाच लॅपटॉप घ्यायचा हा हट्ट माझा होता, म्हणून पुन्हा एकदा सांगते, कारण तिथे तू ऐकत नव्हतास.

हो, महाग आहे. दुकानातल्या पातळ लॅपटॉपच्या जवळजवळ दुप्पट. जाड आहे, जड आहे, पंख्याचा आवाज येतो. पण दुकानातल्याची बॅटरी गेली की सगळा कचऱ्यात. याची बॅटरी गेली तर बॅटरी बदल, बटण तुटलं तर कीबोर्ड बदल, पाच वर्षांनी हळू चालायला लागला तर आत मेमरी वाढव. आपले बाप सख्खे भाऊ, दोघांनाही मोडक्या छत्रीची काडीसुद्धा टाकवत नसे. त्यांच्या मुलांनी डिंकाने बंद केलेली यंत्रं विकत घ्यायची? आणि जन्मभर जहाजांचे आराखडे काढलेल्या माणसाला हे काय अवघड आहे? पेचकस खोक्यातच आहे.

आणि कॉफीचं मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या हातून सांडली तेव्हा "सकाळी दहालाच दारू घेतलीस वाटतं?" असं मी म्हटलं ती गंमत होती. सगळे हसले, तूच तेवढा स्वयंपाकघरात गेलास.

पत्रच लिही. फोन मी फक्त कुणी गेलं तर उचलते हे तुला माहीत आहे.

तुझी,
हिस्के


व्लिसिंगन, २६ फेब्रुवारी

प्रिय हिस्के,

छापील पत्र बघून दचकू नकोस, पालिकेची नोटीस नाही, मीच आहे. तुम्ही एवढी वर्गणी काढली तर म्हटलं त्याच्यावरच लिहावं. आणि आता असंच लिहीत जाईन. माझं अक्षर पाहायची तुला हौस असेल तर जुनी पत्रं काढून बस.

यंत्र चांगलं आहे. मांडीवर घेतलं की हीटर लावायला नको, एवढी एक बचत तुझ्या हिशेबात धरायची राहिली. फक्त परवा त्याच्यावरही कॉफी सांडली. (नाही, सकाळी दहाला नव्हती घेतली.) तेव्हापासून दोन बटणं अडकतात. तुला सांगायला नको होतं, आता तू गप्प बसणार नाहीस.

डौवे


यान्सवीर्ड, १५ मार्च

प्रिय डौवे,

गप्प कशी बसेन? सोबत नवा कीबोर्ड पाठवला आहे. तुझी बटणं अडकली हे ऐकून मला आनंदच झाला. का ते सांगते.

आमच्या गावघराकडे, म्हणजे गावाच्या त्या सभागृहाकडे, रद्दीचे पैसे साठले आहेत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दारोदार फिरून जमवलेली रद्दी, किती वर्षांची ते विचारू नकोस; माझी कंबर त्यातच गेली. त्या पैशांतून गावघरात लॅपटॉप ठेवायचं ठरलंय. म्हाताऱ्यांना कराचे कागद भरायला, डॉक्टरची वेळ घ्यायला, आता सगळं त्याच्यावरच असतं ना. मी म्हणते, तुझ्याकडे आहे तसे आठ घेऊ. आमचा खजिनदार वोब्बे म्हणतो, त्याच पैशांत पंधरा साधे येतील, आणि ते मोडतील तोवर नवे आणखी स्वस्त झालेले असतील. सभेत मी तासभर बोलले. त्याने ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि एकच प्रश्न टाकला: "दुरुस्त होतात हे कबूल. पण दुरुस्त करणार कोण?"

डौवे, प्रश्न खोटा नव्हता. आमचं दुरुस्ती कॅफे महिन्यातून एकदाच असतं, आणि तिथेही नियम असा की आम्ही शेजारी बसून दाखवायचं, हात वस्तूच्या मालकानेच चालवायचे. लोक नुसते दुरुस्त करून घ्यायला येतात. मागच्या खेपेला आक्केबाई टोस्टर घेऊन आल्या. मी पेचकस पुढे केला तर म्हणाल्या, "तूच कर ना गं." मी म्हटलं, "इथे दुसऱ्याचे हात भाड्याने मिळत नाहीत." टोस्टर उचलून चालत्या झाल्या, पुन्हा फिरकल्या नाहीत. आळशीपणा, दुसरं काय!

तेव्हा तू तो कीबोर्ड बदल आणि कसा बदललास ते सविस्तर लिही. वोब्बेला दाखवायचंय. एकाहत्तर वर्षांचा माणूस स्वयंपाकघराच्या टेबलावर करू शकतो म्हटल्यावर तो काय बोलेल?

हिस्के


व्लिसिंगन, ९ एप्रिल

प्रिय हिस्के,

उशीर झाला, माफ कर. कीबोर्ड बसवला.

सविस्तर हवंय तर ऐक. यंत्र पालथं घालायचं, खालचे स्क्रू सैल करायचे, पुन्हा सुलटं करून वरचं झाकण उचलायचं. त्याला एक चपटी वायर असते, ती हलकेच सोडवायची. मग कीबोर्डचे बारीक स्क्रू. पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाच्या जागी खूण केलेली आहे. जुना काढायचा, नवा ठेवायचा, तेच सगळं उलट्या क्रमाने. टेबलावर पांढरा कपडा अंथरावा, म्हणजे स्क्रू हरवत नाहीत. कॉफी गार व्हायच्या आत काम झालं. आराखड्यांच्या दिवसांची आठवण झाली. हाताला जुनी सवय असली की हात विसरत नाही.

वोब्बेला माझा नमस्कार सांग. करणार कोण म्हणून विचारतो ना? ज्याला दोन हात आहेत तो करेल.

डौवे


यान्सवीर्ड, २० मे

प्रिय डौवे,

जिंकलो!

तुझं पत्र मी सभासदांच्या सभेत उभं राहून वाचलं. सगळं, पांढऱ्या कपड्यासकट. "ज्याला दोन हात आहेत तो करेल" या वाक्याला टाळ्या पडल्या. आमच्या गावात टाळ्या म्हणजे तुला कल्पना आहे. वोब्बे म्हणाला, "ठीक आहे, पत्र दप्तरात लावा," आणि चेक लिहिला. आठ लॅपटॉप आले. कपाटात खोक्यांतच ठेवलेत, कारण सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी मोठा समारंभ करून उघडायचे आहेत.

आणि समारंभाचा पाहुणा कोण? तू! सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एका लॅपटॉपचा कीबोर्ड काढून पुन्हा बसवायचा, तोंडाने सांगत सांगत. भित्तिपत्रक छापूनसुद्धा झालं, बेकरीच्या काचेवर लावलंय. "जहाजांचे आराखडे काढणारे डौवे सांगतात: तुम्हीही करू शकता!" खाली पेचकसाचं चित्र. झोपायची सोय माझ्याकडे, साखरेचा पाव मी करणार.

खरं सांगू? इतक्या वर्षांत गावाने माझं पहिल्यांदा ऐकलं, आणि ते तुझ्यामुळे.

हिस्के


व्लिसिंगन, ३ जून

प्रिय हिस्के,

अभिनंदन. समारंभाला मात्र जमेलसं वाटत नाही. पाठ धरली आहे, एवढा प्रवास झेपणार नाही. तूच करून दाखव, तुला माझ्यापेक्षा जास्त येतं. भित्तिपत्रकावरचं नाव काढता आलं तर बघ.

डौवे


यान्सवीर्ड, १२ जून

प्रिय डौवे,

पाठीची काळजी नको. वोब्बे स्वतः मोटार घेऊन तुला न्यायला येतो म्हणाला. पेट्रोलचे पैसेसुद्धा घेणार नाही! वोब्बे! यावरून समज गावात तुझं काय वजन आहे ते. तो म्हणतो, "असा माणूस एकदा बघायलाच हवा."

नाव काढायचं नाही. लाजतोस काय नव्या नवरीसारखा?

हिस्के


व्लिसिंगन, ३० जून

प्रिय हिस्के,

वोब्बेला पाठवू नकोस. मी येणार नाही आणि का ते आता सांगतो.

कीबोर्ड मी बसवलेला नाही. ते पत्र मी इंटरनेटवरचा व्हिडिओ बघून लिहिलं. तुमचा लॅपटॉप जिन्याखालच्या कपाटात आहे, अर्धवट उघडलेला. मी बाजारातून एक साधा, पातळ, बंद लॅपटॉप आणला, एप्रिलपासूनची पत्रं त्याच्यावरची आहेत. हलका आहे, आवाज करत नाही, आणि त्याला उघडायला कुणी मला सांगत नाही.

दोष यंत्राचा आहे. स्क्रूचे आटे धड नाहीत, झाकण एकदा काढलं की पुन्हा नीट बसत नाही, वायर हात लावला की निसटते. दिसायला सगळं सोपं, करायला गेलं की काही जागच्या जागी येत नाही. जन्मभर आराखडे काढलेला माणूस सांगतोय. एवढे पैसे घालून हे घेण्यासारखं नाही. वोब्बेचं बरोबर होतं. तू वाईट वाटून घेऊ नयेस म्हणून मी खोटं लिहिलं, आणि ते सभेत वाचलं जाईल असं स्वप्नातही नव्हतं.

माफ कर.

डौवे


यान्सवीर्ड, १७ जुलै

डौवे,

तुझं पत्र वाचून मी कपाट उघडलं आणि आठ खोकी बघत उभी राहिले. एकही उघडून पाहायची हिंमत झाली नाही. तुझ्या आराखड्यांवरून बांधलेली जहाजं समुद्रात तरली. तुझ्या हातून एक कीबोर्ड बसत नसेल तर या गावात कुणाच्याच हातून बसायचा नाही, हे कळायला मला ते उघडायची गरज नव्हती.

मी सभा बोलावली. उभी राहिले आणि सांगितलं की मी चुकीचा सल्ला दिला, नीट चौकशी न करता गावाचे पैसे घालवले. तू खोटं लिहिलंस हे सांगितलं नाही. मी तुझं पत्र नीट समजून घेतलं नाही, असं म्हणाले. विक्रेता ऑगस्टअखेर बंद खोकी परत घ्यायला तयार आहे, थोडे पैसे कापून. कापलेले पैसे म्हणजे किती शनिवारांची रद्दी ते मला पाठ आहे, पण तुला सांगत नाही.

वोब्बे एक शब्द टोचून बोलला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता म्हणाला, "होतं असं." त्यानेच मला जास्त लाज वाटली. दुरुस्ती कॅफेच्या चाव्या मी देऊन टाकल्या. लोकांना कोणत्या तोंडाने सांगू, टाकू नका, दुरुस्त करा म्हणून? आता मी बेकरीत दुपारी जाते, गर्दी नसताना.

मला वाईट वाटू नये म्हणून तू खोटं बोललास. मग आता किती वाईट वाटतंय ते ठेवू कुठे?

हिस्के


व्लिसिंगन, २४ जुलै

प्रिय हिस्के,

हे मी हाताने लिहितोय. कागद सरळ धर किंवा वाकडा, ओळी अशाच दिसतील. एका पानाला सकाळ गेली. वाचता येत नसेल तिथे सोडून दे, पण पुढचं एक वाक्य मी मोठ्या अक्षरात काढतो.

यंत्रात काहीही दोष नाही. दोष माझ्या हातांत आहे.

गेल्या हिवाळ्यापासून उजवा हात थरथरतो. आता डावाही. मिडलबर्गच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. सुरुवात आहे म्हणतात, जसं काही सुरुवात म्हणजे चांगली बातमी. मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगायचं? मी केसाएवढी बारीक रेघ न थांबता टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढायचो. कारखान्यात नवीन पोरांना ती रेघ बघायला आणायचे. मला दुसरं काही येत नव्हतं गं, तेवढं एकच येत होतं.

तुझा कीबोर्ड आला त्या दिवशी मी खरंच पांढरा कपडा अंथरला होता. झाकणापर्यंत झालं. मग ते बारीक स्क्रू. पहिला पेचकसाला लागेना. लागला तो उडाला. कपड्यावरून कार्पेटवर, कार्पेटवरून कुठे ते देव जाणे. मी गुडघ्यावर बसून चाचपत होतो आणि एकीकडे आपल्या बापांसारख्या शिव्या देत होतो. हिस्के, ज्यांनी बनवलं त्यांनी ते यंत्र इतकं सोपं केलंय की ज्याला जमत नाही त्याला सबबच उरत नाही. खुणा आहेत, आकडे आहेत, पेचकस आहे. कुणालाही जमेल. बंद लॅपटॉप असता तर मी म्हटलं असतं, याला उघडताच येत नाही, आणि मान ताठ ठेवून दुकानात गेलो असतो. या यंत्राने मला ती सोय ठेवली नाही.

म्हणून मी जूनमध्ये त्याच्यावरच आळ घेतला. माझ्या हातांबद्दल लिहिण्यापेक्षा आटे खराब आहेत असं लिहिणं सोपं गेलं. पत्र पेटीत टाकलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं, ते आठवलं की आता जेवण जात नाही. एका निर्जीव वस्तूची नालस्ती केली म्हणून नाही. तू ती खरी मानशील हे मला माहीत होतं, आणि तरी टाकलं.

एप्रिलचं पत्र सभेत वाचलंस तसं हेही वाच. खोकी परत जायच्या आत वाच.

डौवे


यान्सवीर्ड, २ ऑगस्ट

प्रिय डौवे,

सगळं वाचता आलं. एकही शब्द सोडला नाही.

चार वेळा उत्तर लिहायला बसले. पहिल्यांदा तर तीन पानं नुसती यंत्राबद्दल लिहिली, बघ मी म्हणत नव्हते का, आटे खराब असणं शक्यच नाही, आणि तुझ्या हातांबद्दल शेवटी एक ओळ. ती वाचून माझी मलाच किळस आली. फाडून टाकली.

वाढदिवसाला कपबशी तुझ्या हातात खडखडत होती ते मी पाहिलं होतं. मी पाहिलं, डौवे, आणि मला काहीतरी चुकीचं आहे असं वाटलं, आणि ते वाटू नये म्हणून मी विनोद केला. सगळ्यांसमोर. आणि वर तुला पत्रात लिहिलं की मनाला लावून घेऊ नकोस. वर पेचकस. वर बारीक स्क्रूंचा कीबोर्ड. वर भित्तिपत्रक. एखाद्याचा छळ करायचा ठरवला असता तरी मला इतकं पद्धतशीर जमलं नसतं.

काल आक्केबाईंच्या घरी गेले. दार उघडलं, आत या म्हणाल्या नाहीत. माझी नजर पहिल्यांदाच त्यांच्या बोटांकडे गेली. सांधे सुजून आक्रोडाएवढे झालेत. शेजारी राहतात माझ्या, डौवे, रस्त्याच्या पलीकडे. मी म्हटलं, "टोस्टर द्या, मी करते." त्या म्हणाल्या, "तो टाकला गं मी कधीच. नवीन आणला, स्वस्तात." मी तिथेच पायरीवर उभी राहिले. मग हवेबद्दल बोलले.

तुझं पत्र मी सभेत वाचणार नाही. ते माझ्या नावावर आलंय, गावाच्या नाही. यंत्र चांगलं आहे एवढं मी त्यांना सांगितलं, बाकी सगळं मिटलं. तू त्याचा विचार करू नकोस. औषधं वेळेवर घे. डॉक्टर काय म्हणतात ते कळव, छापील चालेल.

तुझी,
हिस्के


यान्सवीर्ड, १९ ऑगस्ट

श्री. डौवे यांस,

आपली ओळख नाही. मी येथील गावघराचा खजिनदार. आपलं ९ एप्रिलचं पत्र आमच्या दप्तरात लावलेलं आहे, त्यासंबंधी लिहीत आहे.

आपल्या चुलत भगिनी हिस्के यांनी जुलैच्या सभेत सदर लॅपटॉप घेण्याजोगे नाहीत असं सांगितलं. ऑगस्टच्या सभेत उभ्या राहून सांगितलं की ते चांगले आहेत, परत पाठवू नका. कशावरून, असं विचारता "ते मी सांगू शकत नाही" म्हणाल्या. मागून कुणीतरी विचारलं, "जुलैच्या हिस्केचं ऐकायचं की ऑगस्टच्या?" लोक हसले. मीही नेहमीचा प्रश्न विचारला, दुरुस्त करणार कोण. त्या खाली बसल्या. आठ विरुद्ध एकतीस मतांनी खोकी परत पाठवायचं ठरलं आहे. त्या आठांत त्यांचं स्वतःचं मत धरलेलं आहे.

माझं आणि त्यांचं पैशांच्या बाबतीत एकदाही पटलेलं नाही. पंधरा साधे लॅपटॉप घ्यावेत हेच माझं मत आहे आणि त्याची कारणं मी सभेत मांडली आहेत. परंतु त्या बाईंना मी तिसाहून जास्त वर्षं ओळखतो. बोलायला कारण असलं की त्या तासभर बोलतात, आणि नसलं तरी बोलतात. त्या गप्प बसल्या म्हणजे कारण दुसऱ्या कुणाचं तरी असलं पाहिजे.

लोक आता त्यांना लहरी म्हणतात. बेकरीत त्या आल्या की बोलणं थांबतं. त्या गावाबाहेरून पाव आणू लागल्या आहेत, सायकलवरून, वारा असतानाही.

खोकी ३१ तारखेपर्यंत माझ्या ताब्यात आहेत, आणि गरज पडल्यास विक्रेत्याकडून आणखी आठवडाभर मुदत मागता येईल. आपलं पत्र दप्तरात आहे तसंच ठेवावं, की आपल्याला त्यात काही बदल करायचा आहे, एवढं कळवावं.

आपला,
वोब्बे


व्लिसिंगन, २३ ऑगस्ट

प्रिय हिस्के,

"बाकी सगळं मिटलं" असं लिहिलंस. खोटं लिहायची सवय आपल्या घराण्यातच आहे की काय? वोब्बेचं पत्र आलं. सगळं कळलं. सायकलवरून आणतेस त्या पावाचंसुद्धा.

मला वाटलं होतं, हात थरथरतात हे लोकांनी बघण्याइतकी लाजिरवाणी गोष्ट जगात नाही. सहा महिने मी भाजीवाल्याला सुटे पैसे द्यायचे टाळतोय, तो बघेल म्हणून. पण माझं झाकायला तू गावासमोर हसं करून घेतलंस आणि वर मला औषधं वेळेवर घे म्हणून लिहिलंस, हे वाचल्यावर जी लाज वाटली, तिच्यापुढे ती पहिली काहीच नाही. त्या लाजेने मी घरात लपलो होतो. या लाजेने मला घरात बसवत नाही.

वोब्बेला मी उत्तर पाठवलंय, हाताने लिहून. माझं एप्रिलचं पत्र काढून त्याजागी ते लावा म्हणून सांगितलंय. सभेत वाचायला तूच हवीस असं नाही, तोही वाचू शकतो. अक्षर लागलं नाही तर दिवसभर बसेल, माणूस चिकाटीचा दिसतो. मुदत वाढवून घ्या आणि पहिल्या शनिवारी मला पाहुणा म्हणून बोलवा, असंही लिहिलंय. बेकरीच्या काचेवर ते भित्तिपत्रक अजून असेल तर त्यातलं "तुम्हीही करू शकता" तेवढं खोडा.

मी काय करणार ते ऐक. लोकांसमोर बसणार आणि प्रयत्न करणार. पहिला स्क्रू उडेल, ते सगळे बघतील. मग मी सांगणार की हे यंत्र चांगलं आहे, जुलैत तुमच्यापर्यंत जे पोचलं ते माझं खोटं होतं. दुकानातला लॅपटॉप हलका आहे, स्वस्त आहे, मला आवडतो, हेही सांगणार. तो बिघडेल तेव्हा टाकायला लागेल, आणि टाकताना मला बरं वाटणार नाही, हेही. आणि वोब्बेने विचारलं, करणार कोण, तर सांगणार की मी नाही. आक्केबाईही नाहीत. तुम्ही आठ घ्या नाहीतर पंधरा घ्या, पण आम्हाला पेचकस देऊ नका. कुणीतरी आमच्यासाठी करा, आणि करताना आम्हाला शेजारी बसू द्या. त्यानंतर त्यांना जे मत द्यायचं ते देऊ दे. कदाचित तरीही तू हरशील. पण लहरी म्हणून हरणार नाहीस.

माझ्या हातून अर्धा राहिलेला कीबोर्ड तू बसव. कुठला स्क्रू आधी, कुठला नंतर, ते मी सांगेन. ते मला अजून पाठ आहे.

वोब्बेच्या मोटारीने नको, मी रेल्वेनेच येतो. शुक्रवारी लेवार्डनच्या स्टेशनवर ये. भीती वाटतेय, ते लपवत नाही. कपाटातलं ते यंत्रही सोबत आणतोय, म्हणजे पिशवी जड असेल. मी मागितल्याशिवाय ती माझ्या हातातून घेऊ नकोस. आणि मागितली, तर काही न बोलता घे.

डौवे